कार्डासाठी सही नाही

कामावर तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे नाहीबाई. हे दुसरं नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचंही. शहरभर रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्राची सर्व्हर-रूम जिच्या ताब्यात आहे, तिला ऊठसूट ‘नाही’ म्हणावंच लागतं. मोबाइल चार्जिंगला लावू का तुमच्याकडे? नाही. खोली छान गार आहे, संचालकांच्या निरोपाचा केक तासभर ठेवू का? नाही. केक शेवटी जिन्याखाली वितळला आणि जुने संचालक क्रीम लागलेला टाय घालून निवृत्त झाले.

सर्व्हर-रूमच्या काचेपलीकडे लांबलचक हॉल होता. तिथे कानाला हेडफोन लावून बाया-माणसं रांगेने बसायची. फोन वाजला की पत्ता विचारायचा, समोरच्या नकाशावर ठिपका उमटायचा, जवळची गाडी दिसायची आणि बटण दाबलं की ती निघायची. या सगळ्याचा जीव मात्र काचेअलीकडच्या तीन सर्व्हरमध्ये होता. मशीन तीनच, पण एकेकाच्या पोटात दहा-बारा संगणक नांदत होते. एक फोन जोडून देणारा, एक नकाशा सांभाळणारा, एक गाड्यांचा माग ठेवणारा. हात लावून दाखवता येतील असे ते संगणक नव्हेत. दणकट मशीनने एकाच वेळी घेतलेली ती सोंगं. खालचं मशीन उभं आहे तोवर सोंगं उभी.

आणि मशीन उभं राहायचं एका नखाएवढ्या मेमरी कार्डावर. सुरू होताना ते सगळ्यात आधी त्या कार्डावरून आपला मूळ प्रोग्राम वाचून घ्यायचं. अशा जागेला बूट डिव्हाइस म्हणतात. एकदा वाचून झालं की मशीन आपलं स्मरणातून चालत राहतं. म्हणजे कार्ड मधल्या मध्ये मेलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. कळतं ते थेट पुढच्या वेळी मशीन सुरू करताना.

गेल्या वर्षी तसंच कळलं होतं. विजेच्या कामासाठी सर्व्हर बंद केले, सकाळी सुरू केले. दोन उठले, तिसरा उठेना. उरलेल्या दोघांना सगळ्यांचा भार पेलेना आणि भर सकाळी हॉलमधले नकाशे गोठले. तेव्हा हॉलमधल्या सगळ्यात जुन्या बाईने, जिला सगळे मावशी म्हणत, चालकांना एकेक करून फोन लावून तोंडी पत्ते सांगितले. शहरात एकाच नावाच्या दोन गल्ल्या होत्या. गाडी चुकीच्या गल्लीत गेली. योग्य गल्लीतली बाई फोनवर मावशींना विचारत राहिली, “निघाली का हो गाडी?” आणि मावशी म्हणत राहिल्या, “निघाली बाई, आलीच.” गाडी पोहोचली तेव्हा त्या बाईच्या नवऱ्याला उचलून न्यायची घाई उरली नव्हती.

त्या दिवशी मॅडमने त्या मेलेल्या कार्डाकडे पाहिलं, ते केराच्या डब्यात टाकलं, तिन्ही मशीनमध्ये कार्डाऐवजी हाताशी होत्या त्या जुन्या डिस्क बसवल्या आणि मनाशी ठरवलं: या खोलीत पुन्हा कार्ड येणार नाही.

पण नवे संचालक आले ते या घटनेनंतर. त्यांच्या दृष्टीने ती ऐकीव गोष्ट होती. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, झपाट्याने काम उरकणारा होता. जुने सर्व्हर म्हातारे झालेत हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि मॅडम रजेवर असताना नव्यांची मागणीही केंद्राच्या नियामक मंडळाकडून मंजूर करून घेतली. ती परतली तेव्हा नवी मशीन खोलीत येऊन लागली होती. तिने एकाचं झाकण उघडलं. आत कार्ड.

ती तशीच संचालकांच्या केबिनमध्ये गेली.

“सर, यात कार्डं आहेत.”

“असतील. पुरवठादार म्हणाला, सगळीकडे तेच चालतं.”

“चालायचं. तेव्हा प्रोग्राम कार्डावरून एकदा वाचायचा आणि गप्प बसायचा. नवा प्रोग्राम सारखा त्यावर काहीतरी लिहीत असतो. एवढं लिहून घ्यायची कार्डाची ताकद नाही. वर्षभरात झिजून मरेल. मला दोन छोट्या डिस्कची जोडी हवी. जे एकीवर तेच दुसरीवर. एक गेली तर मशीन लगेच बोंब मारतं, आणि दुसरीवरून उठतंसुद्धा.”

संचालकांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, डिस्क मागायच्या म्हणजे पुन्हा मंडळाकडे जायचं. त्यात किती आठवडे जातील सांगता येत नाही. तेवढ्यात जुनी मशीन बसली तर? जबाबदारी तुम्ही घेणार?”

प्रश्न रास्त होता. तिने खोटा धीर दिला नाही.

“बसू शकतात. पण ती बसताहेत हे मला दिसतं. त्यांना कसं सांभाळायचं ते मला कळतं. ही नवी मात्र हसत हसत दगा देतील. जबाबदारी घेते मी.”

“ताब्यात घेतल्याची सही करा आणि विषय संपवा.”

“सही नाही करणार.”

“मॅडम...”

“सर, सर्व्हर-रूमच्या प्रमुखाच्या सहीशिवाय नवं मशीन कामाला लागत नाही, हा नियम आहे. त्या खोलीची प्रमुख मी आहे. कार्डासाठी सही नाही.”

गोष्ट इतकीच असती तर निभावलं असतं. पण ही मशीन विकणाऱ्या कंपनीत तिचाच दीर होता.

घरात त्याला धाकटा म्हणत. बराच काळ नोकरीशिवाय घरी बसून, लोकांच्या चौकशा चुकवत दिवस काढल्यावर त्याला ही विक्रीची नोकरी लागली होती आणि ही ऑर्डर म्हणजे त्याचं पहिलं मोठं यश होतं. नवी मशीन दिराच्या कंपनीकडून आली आहेत हे समजल्यावर तिने त्याच दिवशी संचालकांना नातं सांगून टाकलं होतं. ते तेव्हा हसून म्हणाले होते, “बरंच झालं की! सेवा चांगली मिळेल.”

सही नाकारली त्या संध्याकाळी घरात जेवणाआधीच ठिणगी पडली. धाकटा दारातून आत आला तोच बॅग सोफ्यावर आदळून.

“वहिनी, तू सही अडवलीस?”

“अडवली.”

“मला सांगायचंस तरी!”

“तू तरी मला कुठे सांगितलंस, आत कार्ड घालून पाठवतोयस ते?”

सासूबाई आतून हात पुसत आल्या. “काय झालं? कसली सही?”

“आई, हिला बूट पसंत नाहीत,” धाकटा फणकारला. “मशीनचं बूट डिव्हाइस. त्यापायी माझी सगळी ऑर्डर लटकली.”

सासूबाई दोघांकडे बघत राहिल्या. “अगं, बुटांवरून एवढं कशाला? मापाचे नसतील तर बदलून आण म्हणावं त्याला.”

नवरा हसला. एरवी तीही हसली असती. धाकटा मात्र हसला नाही.

“बदलून मिळत नाहीत, आई. कंपनी कार्डवालीच मशीन खपवतेय. ऑर्डर परत गेली तर पहिला मी घरी.”

आता सासूबाईंना प्रकरण कळलं. निदान त्यातला त्यांच्यापुरता भाग कळला. “सुनबाई, घरातल्याच पोराच्या पोटावर पाय देणार तू? एका सहीने तुझं काय जातं?”

“माझं काही जात नाही,” ती म्हणाली. “जाईल ते दुसऱ्याच कुणाचं तरी. फोन करून गाडीची वाट बघत बसलेल्याचं.”

“लोकांचा एवढा कळवळा आणि घरच्यांचा नाही!”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भूगोलाचा मास्तर; वर्गात दणदणीत आवाज, घरात मूग गिळून बसण्यात पटाईत. तो ताटं मांडू लागला. तिला त्याचा राग आला आणि दयाही आली. दोन्हीकडची माणसं त्याचीच होती.

जेवणं कशीबशी उरकल्यावर धाकटा स्वयंपाकघरात आला. भांडी विसळणाऱ्या तिच्या शेजारी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, “वहिनी, एवढं एकदाच. कार्ड वर्षभर तर टिकेल ना? तोवर मी बदलून देतो. माझा शब्द.”

तो मनापासून बोलत होता, आणि नेमकं तेच तिला जड गेलं. खोटारड्याला नाही म्हणणं सोपं असतं.

“तुझ्यावर विश्वास आहे माझा. कार्डावर नाही. तुला एक काम सांगते. तुमच्या ऑफिसात तुमचे स्वतःचे सर्व्हर आहेत ना? ते कशावरून उठतात, एवढंच बघून ये.”

“त्याने काय होणार?”

“बघून तर ये.”

तो निघून गेला. तिने नळ जोरात सोडला आणि घासून लखलखीत झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

संचालकही ऐकून घेणारे नव्हते. त्यांनी मंडळावरच्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं, म्हणजे त्यांच्या देखत मॅडमचा हेका मोडता येईल. कंपनीतर्फे धाकटा आला. कोऱ्या शर्टातला तो, पण चेहरा ओढलेला. भर दुपारी सगळे सर्व्हर-रूममध्ये दाटीवाटीने उभे राहिले. गार हवेत डॉक्टरीणबाईंनी शाल लपेटून घेतली. नव्या मशीनपैकी एकावर सरावासाठी हॉलची हुबेहूब नक्कल चालू ठेवली होती. त्यावर नकाशा होता, ठिपके होते, खोट्या गाड्या खोट्या रस्त्यांवरून धावत होत्या.

“सगळं व्यवस्थित चालू आहे,” संचालक म्हणाले. “अडचण काय आहे ती मॅडमनी सांगावी.”

“सांगत नाही, दाखवते,” मॅडम म्हणाली.

तिने ते मशीन रुळांवरून पुढे ओढलं, झाकण सरकवलं आणि चालत्या मशीनच्या पोटातून कार्ड उपटून हातावर ठेवलं.

“अहो, काय करताय!” संचालक ओरडले. धाकट्याने तोंडावर हात ठेवला.

काहीच झालं नाही. पंखे घोंगावत होते. दिवा हिरवाच होता. पडद्यावरच्या खोट्या गाड्या तशाच धावत होत्या.

थोडा वेळ सगळे बघत राहिले. मग संचालकांचा चेहरा खुलला. “बघा! कार्डाशिवायसुद्धा चालतंय. मग तक्रार कशाची आहे?”

“बंद करून पुन्हा सुरू करा,” ती म्हणाली. “तुमच्या हाताने.”

बटण कुठलं हे त्यांना माहीत नव्हतं. तिने बोट दाखवलं. मशीन निवलं, पुन्हा घुरघुरलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली, की ज्यावरून सुरू व्हायचं ते काही सापडत नाही. नकाशा गेला, ठिपके गेले, गाड्या गेल्या.

“हा काय पोरखेळ आहे?” संचालक भडकले. “कार्ड तुम्ही काढलंत, मग कसं उठेल?”

“मी काढलं म्हणून तुम्हाला कळलं, सर. ते आपणहून मेलं असतं तर? कार्ड निघाल्यावरही तुम्ही हिरव्या दिव्याकडे बघून म्हणालात, चालतंय. काही वेळाने हे मशीन तक्रारी सुरू करेल, अडखळेलही. पण आपण पहिल्या दिवशी पाहणार, दुसऱ्या दिवशी पाहणार, आणि मग सवय होणार. एक दिवस वीज जाईल. तेव्हा पलीकडच्या हॉलमध्ये जाऊन मावशींना काय सांगायचं, ते आत्ता ठरवा.”

डॉक्टरीणबाई शाल सावरत पुढे झाल्या. त्यांनी तिच्या हातावरचं कार्ड उचलून उजेडात धरलं. “म्हणजे आजार वाढत असताना रोगी हसत-खेळत असतो,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग धाकट्याकडे वळल्या. “तुम्ही विकणारे. तुमची कंपनी हमी देते का, की या नव्या प्रोग्रामखाली हे कार्ड टिकेल?”

धाकट्याने बाहीचं बटण चाचपलं. मॅडम त्याच्याकडे बघत नव्हती. मुद्दामच. आज त्याला कुठल्याही बाजूने ढकलायचं नाही, एवढं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं.

“वहिनी म्हणाली होती बघून ये म्हणून...” तो बोलून गेला आणि जीभ चावली.

“वहिनी?” संचालक उसळले. “म्हणजे हे घरातच ठरवून आलात?”

“नातं मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, सर. सेवा चांगली मिळेल म्हणालात.” तिचा आवाज चढला नाही. “आता त्यांना बोलू द्या.”

“हमी देत नाही,” धाकटा म्हणाला. एकदा सुरू झाल्यावर तो थांबला नाही. “आमच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये डिस्कची जोडी आहे. मी काल झाकण उघडायला लावून पाहिलं. कार्डवाला माल जुना आहे, तो संपवायचा आहे. मॅनेजर म्हणाले, कुणी विचारलं नाही तर आपण होऊन बोलू नकोस. आता तुम्ही विचारलंत.”

संचालकांना बसायला खुर्ची हवी होती. त्या खोलीत खुर्ची नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी त्याच आठवड्यात मंडळापुढे विषय मांडला आणि डिस्कची मागणी मंजूर झाली. पण खऱ्याची किंमत मोजावीच लागते. धाकट्याला कंपनीने घरी पाठवलं. मॅडमला संचालकांनी केबिनमध्ये बोलावलं.

“निर्णय तुमच्या बाजूने झाला, मान्य. पण परवानगीशिवाय चालत्या मशीनला हात घातलात. माफी मागा, मी विषय वाढवणार नाही. नाहीतर तुमच्या बढतीसाठी शिफारस करणं मला अवघड होईल.”

“परवानगी मागितली असती तर दिली असती तुम्ही?”

ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

“मग माफी कशाची? मशीन सरावाचं होतं. एकही फोन अडला नाही. चूक झाली असती तर तुमच्या आधी मीच म्हणाले असते.”

“बढती जाईल.”

“जाऊ दे,” ती म्हणाली आणि उठली. हे म्हणणं दिसतं तितकं सोपं नव्हतं. त्या बढतीची तिने फार वाट पाहिली होती. जिन्यात कुणी नाही हे बघून ती भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहिली, डोळे पुसले आणि खाली गेली.

डिस्क येईपर्यंतचे आठवडे तिने जुन्या सर्व्हरांपाशी काढले, जसं आजारी म्हाताऱ्यापाशी कुणी बसावं तसं. कुणाचा पंखा अडखळतोय, कोण तापलंय, कुणावरचं ओझं दुसऱ्यावर सरकवायचं. विजेची माणसं तारा बदलायला आली तेव्हा मावशी हॉलच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. “नवी मशीन लागेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही.”

“बाई, वरून हुकूम आहे.”

“वरच्याला सांगा, खाली मी आहे.”

माणसं परत गेली.

घरी सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मुलाला उद्देशून त्या म्हणायच्या, “हिला विचार, चहा घेणार का?” आणि ती त्याला म्हणायची, “आईंना सांग, घेणार.” असे काही दिवस गेल्यावर एकदा मास्तरांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि वर्गातला आवाज घरात पहिल्यांदा काढला. “मी काय या घरातला टेलिफोन आहे? आई, ती खोटं बोलली असती तर धाकट्याला खोटं निभवावं लागलं असतं. आयुष्यभर. पुरे आता.”

सासूबाई अवाक झाल्या. ती त्याहून जास्त.

तेव्हा धाकटा आतून बाहेर आला. “आई, मला तिने नाही काढलं. मी खरं बोललो म्हणून काढलं. आणि पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. नोकरीचं बघू.” तो वहिनीशेजारी खुर्ची ओढून बसला. सासूबाई बराच वेळ टेबलाची कड बोटाने पुसत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “तुझा चहा गार झाला. दुसरा टाकते.” ते वाक्य त्या सुनेकडे बघून म्हणाल्या.

नोकरी लगेच मिळाली नाही. दोन ठिकाणी आधीची का सोडली असं विचारलं, त्याने खरं सांगितलं, आणि दोन्हीकडून पुन्हा फोन आला नाही. घरी येऊन तो बूट काढता काढता म्हणाला, “अजून एक कंपनी यादीतून खोडली. निदान त्यांच्या मशीनमध्ये काय असेल ते कळलं.” मग तिसऱ्या ठिकाणी, मशीन दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा दुकानात, मालकिणीने त्याला कामावर घेतलं. विकण्याऐवजी उघडायचं काम. त्यात तो जास्त रमला.

डिस्क आल्या. मॅडमने प्रत्येक मशीनमध्ये जोडी बसवली. संचालकांना बोलावून, एका मशीनमधली एक डिस्क त्यांच्यासमोर काढली. यावेळी रीतसर परवानगी घेऊन. मशीनने तत्काळ लाल दिवा लावला, पडद्यावर इशारा दिला. बंद करून सुरू केलं, तर उरलेल्या डिस्कवरून मुकाट उठलं. संचालक म्हणाले, “ठीक आहे,” आणि निघून गेले. बढतीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि तिनेही काढला नाही. तिने सही केली.

नवी मशीन कामाला लागल्यावर काही दिवसांनी तिने एक गोष्ट केली, जी जुन्या मशीनपाशी करायची तिची छाती झाली नसती. भर दुपारी, हॉल ऐन गर्दीत असताना, तिने पहिल्या मशीनवरचे सगळे संगणक शेजारच्या दोघांवर हलवले, मशीन बंद केलं आणि सुरू केलं. मग दुसरं. मग तिसरं. प्रत्येक बटण तिने दोनदा बघून दाबलं.

मावशींना काचेतून ती उभी दिसली. हेडफोन एका कानावरून सरकवून त्यांनी दार ढकललं. “आत काही गडबड आहे का गं?”

“तिन्ही बंद करून सुरू केली. आत्ताच.”

“आत्ता? मी तर मघापासून पत्ते घेतेय!”

“घेत राहा,” मॅडम म्हणाली, आणि मावशींच्या टेबलावर फोन वाजला म्हणून दोघी तिकडे वळल्या.